प्रेमाच्या लायनीची बंद टोकं

तीर्थरूप अक्कांना नमस्कार. (वाकून केला आहे, पण कंबर परवानगी देईल तितकाच. उरलेला मनाने समजून घ्यावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घ्या असं मी मागे सुचवलं होतं, तो बसवला नसणार हे मला माहीत आहे. मी बरा आहे. यावेळी खरंच बरा आहे, मागच्या पत्रांत असायचो तसा नाही. तुमची धाकटी बहीण गेल्यापासून मी पाठवलेली पत्रं अर्ध्या पानातच संपायची आणि तुम्ही उत्तरात लिहायचात की पत्र मिळालं, मजकूर मिळाला नाही. आज मजकूर आहे. तेव्हा बसून वाचा, चष्मा लावा, आणि रक्तदाबाची गोळी राहिली असेल तर आधी घ्या, कारण विषय तसाच आहे.

विषय आपल्या तळमजल्यावरच्या भाडेकरूंचा. ही मंडळी तुम्हीच पाठवलीत हे आधी नमूद करतो, म्हणजे पुढे माझ्यावर यायला नको. घर एवढं मोठं आणि मी एकटा, खाली चांगली माणसं असावीत म्हणून तुम्ही स्वतः त्यांची मुलाखत घेतलीत, काय करता विचारलंत, आणि त्यांनी सांगितलं की आम्ही गोष्टी तयार करतो. तुम्ही मला फोनवर म्हणालात, "अहो, सालस मुलं आहेत, गोष्टी लिहितात." अक्का, मुलं सालस आहेत यात वाद नाही. गोष्टीही लिहितात. फक्त त्या गोष्टी कॉम्प्युटरवर खेळायच्या असतात, प्रेमाच्या असतात आणि प्रौढांसाठी असतात. (पाटीवर 'प्रौढांसाठी' वाचून मला वाटलं होतं की साक्षरतेचं काम असेल. मी शेजारच्या बाईंना तसं अभिमानाने सांगितलंही. त्यांनी आपल्या सासूबाईंचं नाव घालायचं ठरवलं होतं, ते मी वेळेत थांबवलं.)

मला हे कसं कळलं तर संडासाच्या टाकीमुळे. ती रात्रंदिवस गळत होती आणि पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला वर झोपून खाली पाणी गळतंय हे ऐकत पडणं शक्य नसतं. पाना घेऊन गेलो, वॉशर बदलला, आणि परत येताना त्यांच्या भिंतीवर एक मोठा नकाशा दिसला. लाल, निळ्या, हिरव्या लायनी, जागोजागी फाटे, फाट्यावर गोल खुणा. मी तिथेच उभा राहिलो. निवृत्तीनंतर इतकं सुंदर वितरणाचं चित्र मी पाहिलं नव्हतं. चष्मा पुसून नीट बघितलं आणि राहवलं नाही म्हणून म्हणालो, की काम छान आहे, पण तुमच्या कितीतरी लायनींना बंद टोकं आहेत. तिथलं पाणी कुजणार. खोलीतले तिघेही माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्यातल्या प्रमुख, ज्यांना मी मॅडम म्हणतो (वयाने आपल्या मुलीसारख्या, पण दरारा कार्यकारी अभियंत्याचा), त्या हळूच म्हणाल्या, "काका, हे पाणी नाहीये. हे प्रेम आहे."

लाल लाइन म्हणजे वैमानिक. निळी म्हणजे बेकरीवाली. हिरवी म्हणजे कोणी एक गंभीर डॉक्टर. खेळणारा माणूस एका लहानशा हॉटेलात मुक्कामाला येतो आणि यांच्यापैकी ज्याच्या प्रेमात पडायचं त्याच्या पडतो, किंवा पडत नाही. प्रत्येक फाट्यावर काय बोलायचं ते त्याने निवडायचं आणि त्याप्रमाणे लाइन वळते. मी विचारलं, एवढे फाटे कशाला? तर मॅडमनी मला खुर्ची दिली आणि समजावलं. कोणाला लगेच सगळं हवं असतं, कोणाला आधी भरपूर आर्जवं हवी असतात. कोणाला पुरुष नको, कोणाला बाई नको, कोणाला खोलीपर्यंत जायचंच नसतं, नुसतं कोणीतरी विचारपूस करायला हवं असतं. एकाला तर आपल्याला नीट, मान ठेवून नकार मिळावा एवढंच हवं होतं, तसं पत्र आलं होतं त्यांना. अक्का, हे मला तत्काळ कळलं. हे प्रेशरचं काम आहे. तळमजल्याला जे प्रेशर द्याल ते तिसऱ्या मजल्याला पुरत नाही आणि तिसऱ्याचं तळाला दिलं तर नळ उडतो.

आणि प्रत्येक पाऊल विचारून. समोरचा 'नाही' म्हणाला की लाइन तिथे वळतेच, तो बघतच नाही की खेळणाऱ्याला घाई किती आहे. हे मला फार आवडलं. (त्यापुढचा भाग मी पाहिलेला नाही. तिथे पडदा आहे, तो सरकवायचा की नाही हे खेळणाऱ्यावर. मी तिथे 'नक्की ना?' विचारणारा आणखी एक व्हॉल्व सुचवला. चित्रं काढणारा मुलगा, ज्याला सगळे दाढी म्हणतात, म्हणाला, "काका, तुमच्या हातात दिलं तर माणसाला पडद्यापर्यंत पोचायला पेन्शन लागेल.")

मग मी रोज खाली जाऊ लागलो. आधी टाकी बघायला, नंतर टाकीचं नाव न घेता. त्यांची अडचण अशी होती की साठीपुढच्या खेळणाऱ्यांच्या तक्रारी येत होत्या. सगळे प्रियकर पंचविशीतले, कोणाचाही गुडघा दुखत नाही, कोणी दोनदा तीच गोष्ट सांगत नाही. मॅडम म्हणाल्या, तुम्ही एक लाइन लिहा. मी! ज्याने आयुष्यभर गळतीचे अहवाल लिहिले. मी चष्म्याच्या दुकानातली एक बाई लिहिली. तिची तारीफ केली की ती गुण कापते. हात धरू का विचारलं की म्हणते, "आधी धुऊन या." तिच्याशी जवळीक व्हायची असेल तर एकच उपाय आहे. चष्म्यांच्या दुकानात बसून ती स्वतःचा चष्मा हरवते, तो तिने न सांगता शोधून द्यायचा, आणि तो तिच्याच डोक्यावर आहे हे बोलून दाखवायचं नाही. ही बाई कोण ते तुम्हाला सांगायला नको. मी कोणाला सांगितलं नाही, पण फिटरने ओळखलं. (फिटर म्हणजे कोड जोडणारा मुलगा. नाव मीच दिलं. तो वर चहाला आला होता, भिंतीवरच्या तिच्या फोटोत चष्मा डोक्यावर होता, तो त्याने पाहिला.)

आता माझा पराक्रम. सगळे सुट्टीवर गेले होते आणि मी व फिटर दोघेच होतो. त्याला मी म्हणालो, बंद टोकं जोडून टाकू. जिथे कोणी कोणाला नाकारतं, सोडून जातं, वैमानिक विमान घेऊन गेला तो आलाच नाही, अशी जी जी टोकं होती ती सगळी मी एका लायनीला आणून जोडली. जवळ होती ती माझीच होती. फिटर म्हणाला, "काका, विचारू या का मॅडमना?" मी म्हणालो, बंद टोक दिसल्यावर विचारायचं काय असतं? आणि आम्ही ते चाचणीच्या खेळणाऱ्यांकडे सोडलं.

अक्का, हाहाकार झाला. वैमानिकाने ज्याला नाकारलं तो रडत हॉटेलबाहेर पडला तो थेट चष्म्याच्या दुकानात, आणि समोर बाई विचारते, "जेवलात का?" डॉक्टरला सोडून आलेल्या एका बाईंना ती म्हणाली, "बसा, पण त्या खुर्चीवर नको, तिथे माझे कपडे आहेत." एका गृहस्थाने मोठ्या आशेने पडदा सरकवला तर आत बाई उशीचे अभ्रे बदलत होती आणि त्याला म्हणाली, "दुसरं टोक धरा." त्याने कंपनीला लिहिलेलं मी इथे देऊ शकत नाही. मॅडमनी मला खाली बोलावलं तेव्हा मी पाना बरोबर घेऊन गेलो, नुसता, हातात काहीतरी असावं म्हणून.

पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मला दाखवलं की शिव्या घालणारे जेवढे होते त्याहून जास्त लोक दुकानातून हललेच नव्हते. बसून होते. तिथे काही घडत नाही. ती काचा पुसते, चहा करते, तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगते. लोक ऐकत होते. अभ्र्यांवरून चिडलेला गृहस्थही परत येऊन बसला होता आणि त्याने दुसरं टोक धरलं होतं! अक्का, मी खुर्चीतून उठलो आणि दाढीचा हात हातात घेऊन हलवत सुटलो. मी! तुमच्या धाकटीने पाहिलं असतं तर ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला असता.

तर आता माझी लाइन गेममध्ये घ्यायची म्हणतात, एका अटीवर. ती संपली पाहिजे. सध्या तिथे गेलेला माणूस बाहेर येऊच शकत नाही, गेम बंद होत नाही. फिटरने माझंच मला ऐकवलं: "काका, शेवटी वॉशआउट हवा असं तुम्हीच शिकवलंत." खरं आहे. लायनीच्या शेवटी साचलेलं सोडून द्यायला व्हॉल्व लागतो. म्हणजे त्या बाईने एकदा निरोप घ्यायला हवा. येत्या शुक्रवारपर्यंत तो लिहिला नाही तर लाइन कापणार. मी रोज बसतो. काचा पुसून होतात, चहा होतो, ती तोंड उघडते आणि मी पुन्हा चहा ठेवतो. आतापर्यंत तिने इतका चहा केला आहे की दाढी म्हणतो दुकानाची पाटी बदलू.

तुमच्या बहिणीच्या लकबी मी न विचारता चारचौघांत मांडल्या, त्याला तुमची परवानगी असावी, एवढ्यासाठी हे पत्र. गुडघ्याला जपा.

तुमचा नम्र,
धाकटीचे 'अहो'

ता. क. टाकी आता गळत नाही.

ता. क. परवानगीचं लिहिलं ते खरं, पण काम वेगळंच आहे. त्या दिवशी हॉस्पिटलात तिने मला खाली चहा आणायला पिटाळलं आणि मी कप घेऊन वर येईपर्यंत झालं होतं. खोलीत तुम्ही होता. ती शेवटी काही बोलली का, ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही. आता सांगा. जसंच्या तसं. सुधारून देऊ नका, तुम्हाला ती सवय आहे.

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात फिटर वर आला. म्हणतो, मॅडमना विचारलं, निरोपाचं वाक्य नसलं तरी चालेल, शेवटी नुसतं दार उघडं दाखवू, लाइन राहील. म्हणजे गेमला आता वाक्याची गरज नाही. पत्र तरीही पाठवतो आहे.

ता. क. ती काहीच बोलली नसेल तर तसं लिहा. आणि 'चहात साखर कमी घालायला सांगा त्यांना' असं काही म्हणाली असेल तर तेही लिहा. मी कमीच घातली होती.