मिळाला एकदाचा डबा

मनाली, नोव्हेंबर १९७६

सौ. आक्कास गोपाळचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. सोलापुरात थंडी पडली का? कॉलेज सोडलं म्हणून आप्पा अजून तापलेलेच?

खिंडीपलीकडं रस्त्याच्या कामावर नोकरी ठरली. दुर्गाची सुपारी दुसरीकडं फुटायच्या आत तिच्या घरी कळव.

खिंड बर्फातून पायीच ओलांडायची. वाटेत सरपण नाही, बाजारात रॉकेल नाही. पण स्टोव्हला लावायचा गॅसचा डबा मिळाला, अगदी भरलेला!

दुकानदार म्हणाला, "वर दोघं गोठून मेले, त्यांच्या पिशवीतला आहे. थंडीत पेटत नाही तो. रॉकेल येईपर्यंत थांब."

म्हटलं, "तू दुकान सांभाळ की!"

डबा पोटाशी धरून ऊब दिली की पेटतो म्हणे. पहाटे अंगणात करून पाहिलं. पेटला नाही. पण लई वेळ धरला नव्हता मी.

आईला नोकरीचंच सांग. उद्या निघतो.

तुझाच,
गोपाळ