अदलाबदलीची पाकिटं

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दवाखान्यातून आलेलं माझं पाकीट न फोडता सोबत पाठवतोय. तुझं पोचलं. शाळेत निकाल लागला की आपण प्रगतिपुस्तकांची अदलाबदल करायचो, तसंच हे. आईचा स्मृतिभ्रंश आपल्याही रक्तात उतरलाय का, ते आत लिहिलंय. ज्याने विचारलं त्यालाच सांगायचं, हा नियम. मी सव्वीस वर्षांचा, दिवसभर कारखान्यात चष्म्याच्या काचा घासतो. मला एवढ्यात पुढचं बघायची हौस नाही. तूही मुकाट बस.

लोभ असू दे.
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट फोडलं. तू विचारलं नाहीस, मी सांगत नाही. टेलिफोन खात्यात चारशे नंबर तोंडपाठ असलेली आपली आई काल दार ढकलायचं की ओढायचं यावर अर्धा तास अडली. मला ती नवी नर्स समजते आणि पोरगी कधी येणार म्हणून माझ्याकडेच चौकशी करते. तुला मोटारसायकल घ्यायची होती ना, घे. फोटोत वाढवलेले केस छान दिसतात. वेळेवर जेव.

तुझी,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कळलं मला. माझ्या केसांना तू जन्मात छान म्हटलं नाहीस. आणि अख्ख्या पत्रात एक शिवी नाही. जोखीम म्हणजे निकाल नव्हे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण परवा चाव्या सापडेनात तेव्हा जिन्यात बसून रडलो. खिशातच होत्या.

आता मीही नियम मोडतो. तुझ्यात त्यातलं काही नाही, ताई. निदान तू तरी सुटलीस, याचा मला मनापासून आनंद आहे.

तुझा,
धाकटा

६ एप्रिल

चि. गाढवास,
आशीर्वाद.

तुला कुणी विचारलं होतं? केस काप. मोटारसायकलचं नाव काढलंस तर तंगडं मोडीन.

सुटले म्हणतोस. आईला आंघोळ घालताना मला एकच आधार होता, की पुढेमागे मलाही यातलं काही आठवणार नाही. तोही काढून घेतलास. तुझ्यावर तशी वेळ आली, तर आईनंतर तुला भरवायलाही मीच, आणि तेही पूर्ण शुद्धीवर. कारखान्यात कळव आणि याच महिन्यात इकडे राहायला ये.

माया पातळ करू नकोस.
ताई