पोळ्या करताना ऐकलेली पुस्तकं

आई, तुझ्याशी बोलायचं राहून गेलंय, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. राहून गेलेलं नाही, मी टाळलंय. तू गेलीस त्यालाही आता इतका काळ लोटला की टाळायला कारण उरलेलं नाही, तरी कागद पुढे घेऊन दोन दिवस नुसता बसलो होतो.

आपलं उज्जैनच्या फ्रीगंजमधलं भाड्याचं घर डोळ्यांपुढे येतं. संस्थान जाऊन मध्य भारत झाला, अप्पांच्या कचेरीवरची पाटी बदलली, त्यानंतरची ती वर्षं. मी कॉलेजात होतो. दर शनिवारी वाचनालयातून थैलीत दोन मराठी कादंबऱ्या आणायचो. नाव माझं लागायचं आणि वाचायचीस तू. "घरात किताब येतेय ना, मग तिथं जायचं कशाला?" असं अप्पांनी तुला एकदा म्हटलं आणि तो विषय तिथंच मिटला. दुपारी अप्पा कचेरीत गेले की तू स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पाय पसरून बसायचीस. चौथीपर्यंत शिकलेली तू, ओठ हलवत वाचायचीस. अवघड शब्द आला की तो दोनदा म्हणायचीस, मग पुढे जायचीस. आणि संध्याकाळी मी पाटावर बसलो की पोळ्या लाटता लाटता सगळं पुस्तक मला सांगायचीस. नुसती गोष्ट नाही सांगायचीस. माणसांची हजेरी घ्यायचीस.

त्या दिवसांत रविवारी सकाळी माधव नगरात, अप्पांचे स्नेही असलेल्या हेडमास्तरांच्या ओसरीवर आम्ही आठ-दहा जण जमायचो. कचेरीतले, बँकेतले, रेल्वेतले मराठी लोक, आणि आम्ही दोघं-तिघं कॉलेजातली पोरं. हेडमास्तरांचा नियम एकच. प्रत्येकानं सध्या हौसेनं काय वाचतोय ते सांगायचं, आणि दुसऱ्यानं ते का वाचावं तेही सांगायचं. परीक्षेचं पुस्तक चालायचं नाही. मी पहिल्या रविवारी गेलो तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. माझी पाळी आली आणि तोंडातून तू आदल्या संध्याकाळी सांगितलेली कादंबरी निघाली. थोरला भाऊ धाकट्यासाठी आपल्या मनातल्या मुलीवर पाणी सोडतो, ती. सगळ्यांनी ती वाचलेली होती आणि सगळे त्या त्यागावर खूश होते. मी म्हणालो, "पण त्या मुलीला कुणी विचारलं का? पूर्ण पुस्तकात ती चार वाक्यं बोलते, त्यातली दोन 'पाणी आणू का?' अशी आहेत." हेडमास्तरांनी मांडीवर थाप मारली. "वा! ह्याला म्हणतात वाचणं!"

वाक्यं तू मोजली होतीस, आई. परातीतल्या पिठात बोट टेकवून तू चार ठिपके काढले होतेस.

त्यानंतर दर रविवारी हेच झालं. मी वाचणं जवळजवळ सोडून दिलं. तुझ्याकडून ऐकायचं आणि तिथं जाऊन बोलायचं. लोक माझ्याकडे यायचे, "पुढं काय वाचू सांग ना यार," म्हणायचे, आणि मी तू सांगितलेलं नाव सांगायचो. एकदा हेडमास्तरांनी पुस्तक उघडलं तर पानावर हळदीचं बोट उमटलेलं. "हे काय रे?" मी म्हणालो, "जेवताना वाचतो ना, सर." सगळे हसले. मीही हसलो.

मग त्या संक्रांतीला वाचनालयात बायकांचं हळदीकुंकू ठेवलं होतं. हेडमास्तरांच्या हौसेखातर अप्पांनी तुला जाऊ दिलं. तू अंजिरी लुगडं नेसली होतीस. आम्ही पुरुष मागच्या बाकांवर होतो. तिळगूळ झाल्यावर हेडमास्तर उठले आणि म्हणाले, "आज वहिनी मंडळींनी सांगायचं, सध्या काय वाचताय?" कुणी पोथीचं नाव घेतलं, कुणी "फुरसत कुठं मिळते" म्हणालं. आणि तू उभी राहिलीस. मी तुला इतक्या लोकांत बोलताना कधीच पाहिलं नव्हतं. आवाज आधी अडकला, मग मोकळा झाला. तुला सगळ्यांत आवडलेल्या पुस्तकाबद्दल तू सांगू लागलीस. त्यातली सासू वाईट नाही, ती घाबरलेली आहे, म्हणून सारखी किल्ल्या चाचपते, असं काहीसं. तू पाच-सहा वाक्यं बोलली असशील. आदल्याच रविवारी मी ते ओसरीवर शब्दाला शब्द सांगितलं होतं.

हेडमास्तर प्रेमानंच हसले. "वहिनी, हे तर चिरंजीवांचं! घरी सगळं ऐकवतो वाटतं तुम्हाला?" सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तूही पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. तू फक्त वाट बघत होतीस.

मी म्हणालो, "हो सर. ती पोळ्या करत असते तेव्हा सांगतो तिला. तेवढीच तिची करमणूक."

तू पदर सारखा केलास. "हो, तोच सांगतो," म्हणालीस. "मी कुठली वाचायला." आणि खाली बसलीस.

घरी येताना टांग्यात मला वाटत होतं तू रागावशील, अप्पांना सांगशील. मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. तू घरी आलीस, लुगडं बदललंस, शेगडी पेटवलीस. जेवायला वाढताना माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आम्ही दोघं वाचतो, एवढंच म्हणायचं होतंस. एवढ्यानं तुझं काही कमी झालं नसतं." त्यावर मी आमटी वाढ म्हणालो.

पुस्तकं मी आणतच राहिलो आणि तू वाचतच राहिलीस. पण "कसं आहे?" विचारलं की म्हणायचीस, "वाचून बघ की तूच." मी वाचून बघितलं. मला गोष्ट कळायची, बाकी काही दिसायचं नाही. अभ्यासाचं कारण काढून मी रविवारचं जाणं बंद केलं. पुढं मध्य प्रदेश झाला, मोठ्या कचेऱ्या भोपाळला गेल्या, आणि तिथल्या नोकरीसाठी हेडमास्तरांनी मला चिठ्ठी दिली: मुलगा फार बारकाईनं वाचणारा आहे. त्या चिठ्ठीवर मी जन्मभर पोट भरलं. तुझी पत्रं यायची. लोणचं पाठवलंय, अप्पांचा गुडघा दुखतो, सुनेला जप. त्यांत एकाही पुस्तकाचं नाव कधी नसायचं.

तू गेलीस तेव्हा मी तेरा दिवस उज्जैनला होतो. एका दुपारी शेजारच्या कॉलनीतल्या तीन बायका भेटायला आल्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांच्याकडून कळलं की मी भोपाळला गेल्यावर तू अप्पांशी भांडून वाचनालयात स्वतःच्या नावानं वर्गणी भरली होतीस. दर गुरुवारी चालत जायचीस, आणि त्या तुझ्याबरोबर यायच्या. "काकूंनी सांगितल्याशिवाय आम्ही किताब उचलत नव्हतो," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "तुम्हाला तर किती काय काय सांगितलं असेल त्यांनी!" मी म्हणालो, "हो, पुष्कळ." तिसरीनं जाताना पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. तू शेवटी वाचत होतीस ते, तू गेल्यावर तिनं सांभाळून ठेवलेलं. अर्धं झाल्यावर तिला म्हणाली होतीस, फार छान आहे, माझं झालं की तू घे. "वाचनालयाचं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच वाचून परत करा."

ते मी भोपाळला घेऊन आलो. पुस्तक परत मागणारी वाचनालयाची दोन कार्डं तुझ्या नावानं आली, अप्पांनी ती माझ्याकडे पाठवली. मी उत्तर दिलं नाही. आता भोपाळची बस उज्जैनला नानाखेड्याच्या स्टँडवर उतरवते, तिथून वाचनालय फार लांब नाही. मधल्या काळात मी चार-पाचदा तरी उज्जैनला जाऊन आलो. दर वेळी पुस्तक घरीच राहिलं. ते अजून माझ्या कपाटात आहे, आई. मी ते परत केलं नाही, आणि वाचलंही नाही.