आई तुला विचारत होती

मंगळवार, ९ मार्च

प्रिय धाकट्या,

प्रभूच्या नावाने सलाम. इकडे आम्ही ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, शिवणयंत्र त्याहून जास्त. तुझ्या भाचीला बालवाडीत नोकरी लागली.

तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षांनी. क्षमा मागतोस, भेटायला येतो म्हणतोस. दोनदा वाचलं, आणि खरं सांगते, तिसऱ्यांदा खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. कुठे खाडाखोड नाही. निबंधाच्या प्रत्येक ओळीत तीन शब्द खोडणारा तू! कोणी सांगून लिहून घेतलं का? आजारी आहेस का? की मुलीचं लग्न ठरतंय, आणि पाहुण्यांना घरातली फूट दिसायला नको? रागावू नकोस. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

आपण दोघं कामाला होतो त्या दवाखान्यातलं औषधांचं कपाट तू उघडं टाकलंस. भुलीच्या बाटल्या चोरीला गेल्या, तेव्हा मेट्रनसमोर म्हणालास, "किल्ल्या ताईकडे होत्या." माझ्याकडे न बघता म्हणालास. पंधरा वर्षं घातलेला नर्सचा गणवेश मी त्याच दुपारी उतरवला. तेव्हापासून लोकांचे पडदे शिवते.

तुझं पत्र घेऊन पाळकांकडे गेले. म्हटलं, "यात कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे. तुम्ही त्याला क्षमा केलीत का?"

"तो मनापासून मागतोय कशावरून?"

"ते देव बघेल. पण बाई, तुम्ही एवढ्या घाबरलात कशाला? क्षमा तर तो मागतोय."

मी उठून आले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

कारण मला वाटलं, तुला कळलंय. कळलंय, आणि गोड बोलून ते माझ्या तोंडून काढायला येतोयस. कळलं नसेल, तर आता वाच.

मी तुला सांगितलं तशी आई अचानक गेली नाही. नऊ दिवस अंथरुणावर होती आणि रोज विचारायची, "धाकटा आला का?" मी सांगायचे, "निरोप धाडलाय, येत नाही म्हणतो." निरोप मी धाडलाच नव्हता. फोन उशाशी होता. तुला अद्दल घडावी, एवढंच डोक्यात होतं. ती म्हणायची, "येईल. आला की त्याला बोलू नकोस हं." तू पोचलास तेव्हा थडग्यावरची माती सुकली होती. तू रडलास, आणि मी लांब उभी राहून बघत राहिले.

किल्ल्यांचं मी सोडलं. एका दमात सगळं सुटत नाही, रोज थोडं सोडीन. पण माझं तू सोडावंस, हे कुठल्या तोंडाने मागू? तरी मागते.

रविवारी उपासनेला आलास, तर माझ्या शेजारी बस. नाही आलास, तर का, ते विचारणार नाही.

तुला आईपासून तोडणारी,
ताई