धामणाचे धनुष्य ओढण्यापूर्वी

मी, खुशालराव गोवर्धन इंगोले, वय ६३, धंदा शेती, राहणार वलगाव, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी गोदाबाई हिला. तिच्या हयातीत घर कोणी विकू नये.

२. नाल्याकाठचे शेत मुलगी हर्षा हिला. रंधा, वाकस आणि कानशीही तिलाच. लाकूड तासण्याघासण्याची ही हत्यारे माझा मयत मुलगा नितेश याची.

३. गोठ्यावरची टिनं, म्हणजे छपराचे पत्रे, काढून गोदाबाईचा भाऊ सूर्यभान याच्या घरी, परतवाड्याला, पोचती करावीत. निरोप काही देऊ नये. नितेशने सूर्यभानच्याच शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, धामणाचे झाड धनुष्यासाठी तोडले होते. लाकूड ओले होते. सूर्यभान म्हणाला, "अबे, टिनावर टाक न! आठ दिवसांत खडखडीत होते." वैशाख होता. वरून लाकूड वाळले, आतून तडकले, आणि ती चीर कोणाला दिसली नाही. पहिल्याच पूर्ण ओढीला धनुष्य मोडले. वरचा तुकडा नितेशच्या कानशिलात बसला. सूर्यभानच्या मनात वाईट नव्हते, हे मला कळते. तरी टिनं द्यावीत.

४. हर्षाने त्यानंतरच्या पौषात, म्हणजे गेल्या वर्षी, पुन्हा धामणच आणले. गोदाबाई दारातच म्हणाली, "कावून आणून राहिली वं तेच लाकूड घरात?"

"आई, साग कटकन तुटते. धामण वाकते. दादाचं लाकूड बरोबर होतं, वाळवणं चुकलं."

"आन् हे तुटलं तं?"

हर्षा पाचर आणायला गोठ्याकडे वळली.

तिने निवडलेले लाकूड मी स्वतः पाहिले आहे. सालीच्या रेषा सरळ, पीळ नाही, गाठ नाही. करवत न लावता पाचर ठोकून फोडले, म्हणजे धागा तुटत नाही. दोन्ही टोकांना शेण लिंपून ते गुरांचे कुटार भरतो त्या खोलीत सावलीला ठेवले. दर महिन्याला काट्यावर तोलले. वजन उतरायचे थांबले, तेव्हाच रंधा लावला. तिच्या कामात मला खोट सापडली नाही. नितेशच्या कामातही सापडली नव्हती. म्हणून मला झोप येत नाही.

५. धनुष्य आता तयार आहे. हर्षा मंगळवारी ते पहिल्यांदा पूर्ण ओढणार आहे. उद्या सोमवारी ती कामाने अकोल्याला जाईल, तेव्हा मी ते आधी ओढणार आहे, कानापर्यंत. हा कागद आजच करण्याचे कारण एवढेच. मला फार भीती वाटते. पण मंगळवारी बाजूला उभे राहून बघत बसण्याची त्याहून जास्त वाटते.

६. धनुष्य मोडून मला काही झाले, तर हर्षाला कोणी एक शब्दही बोलू नये, गोदाबाईनेसुद्धा. तुकडे माझ्यासोबत जाळावेत.

७. धनुष्य न मोडल्यास या मृत्युपत्राचे व्यवस्थापक, शेजारी देवमन सावळे यांनी हे पाकीट आपल्याजवळ ठेवावे, हर्षाला दाखवू नये. धनुष्य कोणी हलवले असे तिने विचारलेच, तर बाबांनी धनुष्य नुसते पुसायला उचलले होते, असे सांगावे.

ठिकाण : वलगाव
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

(सही) खुशालराव गोवर्धन इंगोले

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली :
१. देवमन सावळे, शेजारी
२. डॉ. किशोर बोंडे