बकआय दरीतले घर आणि माझी दोन मुले

मी, आर्वेला स्टॅलर्ड, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार बकआय दरी, पश्चिम व्हर्जिनिया, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही धाकाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. राहते घर व परसाची जमीन माझी मुलगी मॅव्हिस व धाकटा मुलगा डेन्व्हर यांना समाईक मिळावी. एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याने विकू नये. दरीतल्या बाकीच्यांनी घरे खाण कंपनीला विकली, मी विकले नाही. कोळशासाठी वरच्या डोंगराचा माथाच उडवला, त्याचा राडारोडा आमच्या ओढ्यात लोटला, सुरुंगांनी माझे धुराडे दुभंगले. भिंती उभ्या आहेत.

२. विहिरीचे पाणी कोणी पिऊ नये. ते नारिंगी येते. डेन्व्हर त्याच खाणीत सुरुंग भरतो, आणि दर रविवारी चर्चनंतर पिण्याच्या पाण्याचे कॅन माझ्या ओसरीवर आणून ठेवतो. एकदा मॅव्हिस खाणीविरुद्धच्या मोर्चातून थेट तिथे आली.

"विहीर नासवायची आणि वर पाणी आणून पुण्य कमवायचं. छान आहे रे!"

"मग आईला तहानलेली ठेवू? दुसरं काम दाखव, उद्या सोडतो."

"डोंगर संपला की हेही काम संपेल. मग?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. माझ्या पोरींना आज जेवायला लागतं."

तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद आहे. दोघांचेही खरे होते, असे मी येथे नमूद करते.

३. कंपनीचे जमीनवाले साहेब दर नाताळात हॅम घेऊन घर मागायला येत. हॅम मी ठेवून घेत असे, साहेबांना वाटेला लावत असे. त्यांना माझ्या लोणच्याची एक बरणी द्यावी. मेल्यावर उपकार नकोत.

४. माझे यजमान ऑर्व्हिल जमिनीखालच्या खाणीत राबले आणि छातीत कोळसा घेऊन गेले. त्यांचा बँजो डेन्व्हरला. औषधी जिन्सेंगच्या मुळ्या खणायची त्यांची कुदळ मॅव्हिसला. जिन्सेंग उगवायचे तो उतार आता राहिला नाही, पण तिने बी जपले आहे.

५. मला ऑर्व्हिलशेजारीच पुरावे. भोवतीचा डोंगर खणून नेल्यामुळे दफनभूमी बेटासारखी उरली आहे. तिथे जायला फाटकावर परवानगी आणि डोक्यावर हेल्मेट लागते. गेल्या मे महिन्यात आम्ही फुले वाहायला गेलो, तर मॅव्हिसला हेल्मेट मिळेना. डेन्व्हरने स्वतःचे काढून तिच्या डोक्यावर ठेवले. तिने त्याला पट्टा बांधू दिला. लहानपणी हाच तिच्यापुढे पाय करून बुटांच्या नाड्या बांधून घेई. ते पाहिले, म्हणूनच हे लिहायला बसले.

६. माझा खड्डा यंत्राने खणू नये, कंपनीने फुकट देऊ केले तरी. तो मॅव्हिस आणि डेन्व्हर या दोघांनीच फावड्यांनी खणावा. जमीन खडकाळ आहे, अख्खा दिवस जाईल. इतका वेळ गप्प बसणे माझ्या मुलांना जमायचे नाही.

हे मी वाचून पाहिले, मनासारखे आहे, म्हणून साक्षीदारांदेखत सही करते.

आर्वेला स्टॅलर्ड

साक्षीदार: हॉबर्ट लिली, पाद्री
ग्लेना कँट्रेल, शेजारीण (पूर्वीची)

बकआय दरी, ९ ऑक्टोबर २००८