चौकीचं विचारलं कोनं?

बाबा,

परवा दुपारी टीव्हीवर सभागृहाचं कामकाज चाललं होतं. कुणी तरुण आमदार कोठडीतल्या एका मृत्यूबद्दल विचारत होता आणि पुढच्या बाकावरचा मंत्री कागद नाकाजवळ धरून उत्तर वाचत होता. पहिल्या भागाला तो म्हणाला, "नाही." पुढच्या तिन्ही भागांना मिळून म्हणाला, "प्रश्न उद्भवत नाही." मी उठले आणि टीव्ही बंद केला. नातू म्हणाला, "आजी, काऊन बंद केला?" म्हटलं, डोळे दुखून राह्यले. डोळ्यांना काय धाड भरली आहे, अजून सुईत दोरा ओवते मी. पण ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते तुमच्या हातचं, शाई ओली असताना, आपल्या अंगणात. ते पोराला कुठून सांगू? तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे. म्हणून म्हटलं, आता तुम्हाला दोन शब्द बोलायला हरकत नाही.

तुम्हाला मंत्र्यांच्या उत्तरांचं वेड होतं. दुसरी माणसं पेपरात खून-दरोडे वाचत, तुम्ही प्रश्नोत्तरं वाचायचे. माय चुलीपुढं भाकरी थापते आहे आणि तुम्ही पाटावर बसून दिल्लीचं मोठ्यानं वाचून दाखवता आहात. चीनच्या सीमेबद्दल कुणी खासदार खोदून खोदून विचारतो आहे आणि परराष्ट्र खात्याचे मंत्री सांगताहेत की माहिती मागवली आहे, आली की पटलावर ठेवू. तुम्ही मांडीवर थाप मारायचे. "पाह्यलं? एक शब्द जास्त नाही! जेवढं विचारलं तेवढंच. याले म्हनते उत्तर." माय तव्यावरची भाकर उलटत म्हणायची, "पोरं तिकडं थंडीत कुडकुडून राह्यली, अन् तुमाले उत्तराचं कौतुक." तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं करून पान उलटायचे.

तुम्ही जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत हेडक्लार्क. ठाणी, चौक्या, कोठड्या, सगळ्यांचे कागद तुमच्या टेबलावरून जायचे. नागपूरचं अधिवेशन जवळ आलं की तारा यायला लागायच्या आणि तुमच्या अंगात वारं शिरायचं. आमदाराचा प्रश्न वरून खाली यायचा, उत्तर खालून वर जायचं, आणि शेवटी मंत्री जे वाचून दाखवायचे ते तुमच्या हातचं असायचं. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून आपला बाप बोलतो याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. तुम्ही मला त्यातली मेख समजावून सांगितली होती. प्रश्नाचा पहिला भाग असतो, हे खरे आहे काय. पुढचे भाग 'असल्यास' म्हणून सुरू होतात. पहिल्याला 'नाही' बसलं की बाकीचे आपोआप खलास. 'होय' बसलं तर मात्र सगळं ओकावं लागतं. आणि मधे एक पायवाट असते, 'हे अंशतः खरे आहे.' ती वाट तुम्हीच मला दाखवली होती, हे लक्षात असू द्या.

मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन आणलं. हिरवं, सोनेरी टोपणाचं. गल्लीत तेव्हा एकाही पोरीकडे पेन नव्हतं. हातात देताना म्हणालात, "आता लोकायचे अर्ज लिहून देत जाय. अक्षर चांगलं हाय तुहं. पन एक ध्यानात ठेव. अर्जात नेहमी मोठ्या कचेरीचं नाव टाकाव. चौकी-बिकी लिहू नको. चौकीले कोन विचारते? चौकी म्हंजे ठान्याचंच पोट." मी ते मनावर कोरून ठेवलं. तुमचं कोणतं बोलणं मी मनावर कोरलं नाही, सांगा.

देऊळघाटची मावशी तुम्हाला आठवत असेल. आठवत नसेल तर कमाल आहे. अंबाडीची, मेथीची टोपली घेऊन ती एक दिवसाआड आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बसायची. माय तिला चहा द्यायची, ती बशीत ओतून फुंकर घालत प्यायची. तिचा नवरा मेहकरच्या बाजूला बैलबाजाराला गेला होता. तिकडे कुणाची तरी जोडी चोरीला गेली आणि बाजाराच्या गावच्या चौकीवर याला बसवून ठेवलं. चौकी म्हणजे काय, एक खोली, एक हवालदार आणि दोन शिपाई. तिसऱ्या दिवशी बैलबंडीत घालून मढं घरी आलं. सोबत आलेला शिपाई म्हणाला, रस्त्यात चक्कर येऊन पडला. पाठीवरचे वळ मावशीनं आंघोळ घालताना पाहिले. पुढं दोन महिन्यांनी ती बैलजोडी दुसऱ्याच माणसाकडे सापडली. पण तोवर गावात होऊन गेलं होतं की तो चोरच असंल, पळताना पडला असंल. तिच्या पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. चोराची पोर कोण करून घेणार?

त्या दुपारी मावशी टोपली न घेता आली. मायला म्हणाली, "बाई, मले सरकारचं काही नको. फक्त त्यायनं एक डाव होय म्हनाव. होय, तो आमच्याजवळ होता, अन् आमच्याजवळच मेला. येवढं कागदावर आलं का माही पोर उजवते." विरोधी बाकावरचे आमदार तिला म्हणाले होते, अर्ज आण, प्रश्न टाकतो. माय माझ्याकडं बघायला लागली. मी हिरवं पेन काढलं. चुलीशेजारी पाटावर कागद ठेवून मी तो अर्ज लिहिला, आणि बाबा, काय ऐटीत लिहिला! तारीख, वार, अंगावरचे वळ, सगळं. मावशी दोनदा म्हणाली, "चौकीवर, बाई, चौकीवर." मी म्हटलं, "तुमाले नाही समजत, मावशी. मोठ्या कचेरीचं नाव टाकाव लागते." आणि मी तालुक्याच्या ठाण्याचं नाव लिहिलं. ठाण्याच्या कोठडीत डांबून मारहाण केली, ठाण्यातच मृत्यू झाला. वाचून दाखवलं. ते नाव ऐकून ती थोडी बिचकली, पण शिकलेली पोर सांगते म्हणून तिनं अंगठा उठवला.

आमदारांनी माझीच वाक्यं उचलून प्रश्न केला. तो तुमच्याकडं आला, आणि रविवार होता म्हणून तुम्ही फाइल घरी आणली. थंडीचे दिवस, अंगणात ऊन, तुम्ही खाटेवर, मांडीवर पाटी. मी चहा घेऊन आले. प्रश्नाला माझा अर्ज टाचलेला होता. तुम्ही तो वर उचलून उन्हाकडे धरलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "अक्षर गोलमटोल हाय. कोनाचं हाय हे?" मी कप खाटेच्या पायाशी ठेवला. अर्जाखाली चौकीच्या हवालदाराचा अहवालही होता. तोही मला दिसला. दोन दिवस चौकशीकामी बसवून ठेवले, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. मी मनातल्या मनात हरखले. म्हटलं, झालं, आता होय येतं. एवढ्यात तुमचा टाक फरफटायला लागला. तुम्ही हात पुढं केलात, "तुहा पेन दे." आणि मी दिला. तुम्ही पहिल्या भागासमोर लिहिलंत, नाही. खाली लिहिलंत, प्रश्न उद्भवत नाही. चहा तोवर गरमच होता.

मी म्हटलं, "बाबा, मानूस तं मेला ना?"

"मेला. पन ठान्यात नाही मेला. प्रश्न ठान्याचा हाय."

"अन् चौकी?"

"चौकीचं विचारलं कोनं? विचारतीन तवा सांगू."

"तुमीच तं म्हनलं होतं, चौकी म्हंजे ठान्याचंच पोट!"

"ते अर्जापुरतं. हे उत्तर हाय."

"मंग अंशतः खरं लिहा ना. नाहीतं मले सांगा, उद्याच्या उद्या अर्ज दुरुस्त करून आमदाराकडं नेऊन देतो. अजून आठ दिवस हायेत अधिवेशनाले."

तेव्हा तुम्ही मान वर केलीत. तुमचा आवाज चढला नाही, तो कधी चढायचाच नाही. "ज्या कचेरीचं खाऊन हाडं वाढवली, तिच्यावर कागद लिहिते व्हय तू? हे अक्षर साहेबानं ओळखलं तं? जाय, कप घेऊन जाय." मी कप घेऊन गेले. एकोणीस वर्षांची घोडी होते मी, आमदाराचं घर मला ठाऊक होतं, चालत पाऊण तासाची वाट. मी गेले नाही. तुमचा धाक होता म्हणून गेले नाही, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आले.

उत्तर पेपरात दोन ओळींत आलं. मी ते मावशीला मागच्या दाराशी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उद्भवत नाही म्हंजे काय वं?" मी म्हटलं, "म्हंजे, पुढचं विचाराचं कारन नाही." "कारन नाही? माहा मानूस गेला, अन् कारन नाही?" मायनं तिला पाणी दिलं, ते तिनं प्यायलं नाही. मग तिनं मला विचारलं, "पन त्यायनं नाही काऊन म्हनलं?" आणि मी फाडकन म्हटलं, "सरकार खोटं बोलते, मावशी. अन् ते उत्तर माह्या बापानं लिहिलं." ती तुमच्या खाटेकडे बघून दहाही बोटं मोडून गेली. पुन्हा आपल्या दाराशी बसली नाही. तिची पोर पुढं बीबी गावाकडच्या एका बिजवराला दिली, दोन लेकरांच्या बापाला. तुम्हाला त्या वर्षी साहेबांनी शाबासकी दिली म्हणे, एका शब्दात निभावलं म्हणून. वा रे वा! त्या दिवसापासून मायनं घरात अंबाडी रांधली नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाही, काऊन नाही.

मी तुमच्याशी कामापुरतं बोलायला लागले. विचारलं तेवढंच. तुम्हीच शिकवलेलं. लग्न झालं, मास्तरीण झाले, माहेरी यायचे ती मायसाठी. तुम्ही निवृत्त झालात, दम्यानं खिळलात, तरी माझा राग तसाच होता, आणि मला तो आवडायचा, खरं सांगते. मग एकदा ओसरीवर दोघंच होतो, तेव्हा तुम्ही आपणहून बोललात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न विचारता. "मी जलमात खोटं उत्तर लिहिलं नाही, पोरी. तू चौकी लिहिलं असतं तं मले होय लिहाव लागलं असतं. साहेब काही म्हनो, लिहिलं असतं." दम लागला म्हणून थांबलात. मी उठून आत गेले. काय माणूस! मरायला टेकला तरी आपलं उत्तर बरोबर होतं हेच सांगतो, असं मी मायजवळ चडफडले. माय तांदूळ निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "मावशीनं दोनदा सांगतलं होतं तुले. मी ऐकत होतो." त्यानंतर ती त्यावर कधी बोलली नाही, मीही नाही.

तुमचं पाप मी कमी करत नाहीये, बाबा. अहवाल तुमच्या समोर होता, वळ लिहिलेले होते, पायवाट तुम्हाला माहीत होती आणि आठ दिवस हातात होते. बापाच्या जातीनं त्या दिवशी एक शब्द लिहायचा होता, तो तुम्ही कचेरीच्या जातीनं लिहिलात. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. आता कागदावर म्हणते, आणि हा कागद कुठं टाकायचा? पेटीत हिरवं पेन आहे, त्याची निब केव्हाच मोडली आहे. त्याच्याखाली ठेवीन.

पण एक राहिलं. मावशी गेल्या वर्षी गेली. त्याच्या आधी मी तिला देऊळघाटला भेटून आले. नव्वदीला टेकलेली, डोळे गेलेले, सून जवळ नव्हती म्हणून चाचपडत तिनं स्वतः माझ्यासाठी भाकर टाकली, अंबाडीची भाजी वाढली. तुम्हाला दोन शिव्या घातल्या, त्या मी मन लावून ऐकल्या. मग माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून म्हणाली, "माह्यासाठी तूच येक उभी राह्यली, बाई, बापाच्या विरोधात." मी जेवत होते. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "येक सांग. इतके वर्सं मनात हाय. आपल्या अर्जात काही चुकलं तं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नाही." आणि तिनं वाढलेली दुसरी भाकर खाल्ली.